लाभ, दोन, तीन

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात माणूस कोणत्या भाषेत बोलतो यावरून त्याचं घर ओळखता येत नाही. कचेरीत तेलुगू, मार्केट यार्डात तेलुगू आणि मराठी मिसळून, शिंप्याच्या दुकानात दखनी उर्दू, घरात मराठी, आणि आठवडी बाजाराला आलेल्या गोंड-कोलामांशी पुन्हा मराठीच, असा आमचा दिवस जातो. पण एक खूण सहसा चुकत नाही. माणूस नोटा मोजताना ओठांतल्या ओठांत कोणत्या भाषेत पुटपुटतो ते पाहावं. बोलण्याची भाषा समोरच्यासाठी असते, मोजण्याची स्वतःसाठी.

मुलांना मोजायला शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. तरी ‘दहा’ या आकड्याचा अर्थ मला गेल्या वर्षी, वयाच्या 56 व्या वर्षी, नव्याने शिकावा लागला. निमित्त झालं आईच्या पायाचं.

आईला आम्ही माय म्हणतो. वय 78. माहेर किनवटकडचं. तिच्या लहानपणी किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडलं गेलं, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं आणि 2014 साली तेलंगणात आलं. मायचा नकाशा याहून सोपा आहे. रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं जिथे गोल होतात तिथे सासर सुरू होतं, एवढंच तिला पुरतं.

गेल्या श्रावणात ती मोरीशी घसरली. खुब्याशी मांडीचं हाड मोडलं. बाहेरगावी नेऊन ऑपरेशन केलं, आत सळई बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, “पायावर भार द्यायला हरकत नाही. पण चालवा. या वयात माणूस अंथरुणाला खिळला की हाडापेक्षा बाकीच्याच गोष्टी अंगावर येतात.” त्यांनी त्या बोटांवर मोजून दाखवल्या : छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि स्नायू तर बघता बघता वाळतात. मग हातात एक छापील कागद आला. इंग्रजी मजकूर, आणि बाकावर उताणा पडून पाय उचलणाऱ्या, चड्डी घातलेल्या एका तरुणाची सहा चित्रं.

मायने चष्मा लावून तो कागद लांब धरला. “हा बाप्या काय करून राहिला?”

“व्यायाम करून राहिला, माय. तुलाही हेच करायचं आहे.”

“मले?” एवढंच म्हणून तिने कागद उशाखाली घातला.

मी तो काढला, रात्री बसून मराठीत उतरवला आणि सुवाच्य अक्षरात मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून तिच्या पलंगासमोर टांगला. ‘प्रत्येक व्यायाम दहा वेळा. प्रत्येक वेळी दहा अंक होईपर्यंत ताण धरून ठेवावा. दिवसातून तीनदा.’ मायला अक्षरओळख बेताची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फळा टांगल्यावर शिकवणं झालं, अशी आमच्या व्यवसायाची एक जुनी समजूत आहे. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. मी उशाशी उभा राहून मोठ्याने आकडे म्हणायचो आणि ती दात-ओठ आवळून गुडघा दाबायची.

चौथ्या दिवशी वॉकर धरून उभी राहताच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आम्ही दोघांनी धरून बसवलं. त्यानंतर तिने पाय जमिनीला लावला नाही. मी समजावलं, रागावलो. मुख्याध्यापकाच्या आवाजात एकदा म्हणालोसुद्धा, “तुझ्या भल्यासाठीच सांगतोय ना?” ती भिंतीकडे तोंड करून निजली. असे बारा दिवस गेले. तिची पिंढरी माझ्या मनगटाएवढी दिसू लागली. पत्नी एवढंच म्हणाली, “तुम्ही घरात शाळा भरवली. घर राहिलंच नाही त्यांना.”

तेराव्या दिवशी तिला ऑटोत निजवून गावातल्या फिजिओथेरपीच्या खोलीत नेलं. तिथली मुलगी करीमनगरकडची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. मराठी तिला मोडकंतोडकं येत होतं. त्या दिवशी गर्दी होती. मायला कोपऱ्यातल्या खाटेवर निजवलं आणि मी बाकावर दीड तास बसलो. एखाद्या शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसायला मिळावं, तसा तो दीड तास होता.

पहिला होता पैनगंगेपलीकडचा एक कापसाचा शेतकरी. गुडघे झिजलेले. मांडीपुढचा स्नायू बळकट झाला तर गुडघ्यावरचा ताण हलका होतो, म्हणून त्याला पाय सरळ ठेवून उचलायला लावला होता. दहा झाले तशी ती मुलगी दुसऱ्या रोग्याकडे वळता वळता म्हणाली, “चालु, चालु.” गडी थांबेना. पंधरा झाले, वीस झाले. ती पुन्हा ओरडली, “चालु, अय्या!” त्याने आणखी जोर लावला. मला हसू आवरेना. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. आणि हा नदीपलीकडून आलेला, तेलुगूचा गंध नसलेला माणूस आज्ञाधारकपणे ‘चालू’ ठेवत होता! मी दुभाषी झालो तेव्हा तो थांबला. मग कळलं की घरीही तो दहाऐवजी पन्नास करायचा, आणि दोन दिवस गुडघा सुजला की चार दिवस काहीच करायचा नाही. “दहानं एवढा फरक पडते, तं पन्नासनं लवकर पडन ना!”

त्या मुलीने माझ्या मार्फत त्याला विचारलं, “पऱ्हाटीला युरिया पाचपट टाकला तर बोंडं पाचपट लागतात का?” तो ओशाळून हसला. त्याला सांगताना तिने कमाल मर्यादा सांगितली : दहाच्या वर एकही नाही. आणि एक कसोटी दिली. व्यायामानंतर थोडं दुखेल, ते चालेल. पण ते दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसंच राहिलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि निम्म्यावर यायचं.

त्याच्यानंतर शिवणकाम करणारी एक मुसलमान बाई. मान आणि खांदे आखडलेले. तिला आकडाच दिला नाही. चार मुलं, मशीन आणि स्वयंपाक यांतून व्यायामाला वेगळी वेळ काढा म्हणणं म्हणजे ‘करू नका’ म्हणण्यासारखंच होतं. तिला सांगितलं, बॉबिन संपली की नवी लावण्याआधी मान दोन्ही बाजूंना वळवायची, खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे. दिवसात जितक्या बॉबिन, तितके व्यायाम.

मग उतनूरकडचे एक गोंड म्हातारबा. त्यांचेही गुडघेच. त्यांची काळजी एकच होती. दिवाळीत दंडारी निघते, घुसाडी नाचतात. यंदा आपण घरी बसायचं काय? मोरपिसांचा तो मुकुट आमच्या जिल्ह्याबाहेरही ठाऊक झाला तो मारलवाईच्या कनकराजूंमुळे. घुसाडी नृत्यासाठी त्यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या मुलीने म्हातारबांना ‘नाचू नका’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते पुन्हा आले नसते. तिने टेबल धरून पावलं टाकून दाखवायला सांगितली, गुडघा कुठे अडतो ते पाहिलं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव जेवणाआधी दहा वेळा नेमून दिला. वर हेही सांगितलं, की नाचताना अर्ध्यात बसायचं आणि बसण्याची लाज बाळगायची नाही. म्हातारबांनी बराच विचार करून मान डोलावली.

शेतकऱ्याचे आणि म्हातारबांचे गुडघे बहुधा सारखेच झिजलेले असतील. पण एकाला लगाम लागत होता आणि दुसऱ्याला उमेद. दोघांना एकच कागद दिला असता तर पहिल्याने गुडघा सुजवून घेतला असता आणि दुसऱ्याने कागदाची पुडी करून तंबाखू बांधली असती.

मध्येच तिची नजर माझ्याकडे गेली. “सार्, तुम्ही फाईल डाव्या हाताने का घेता?” तेलुगूत तिने विचारलं. मी मान्य केलं. वर्षभर उजवा खांदा वर जात नव्हता, फळ्याच्या वरच्या ओळी मी मुलांकडून लिहून घेत होतो. तिने पहिला प्रश्न केला, साखर आहे का? आहे. मधुमेह्यांत हे दुखणं अधिक आढळतं. ‘गोठलेला खांदा’ हे त्याचं नाव अमेरिकन शल्यविशारद कॉडमन यांच्या 1934 च्या ग्रंथापासून रूढ झालं. आणि पुढे वाकून हात सैल सोडून झुलवण्याचा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माझ्याजवळ त्याचाही कागद होता आणि मी तो रोज, न चुकता, घड्याळ लावून करत होतो.

“आणि दिवसभर?” तिने विचारलं.

दिवसभर हात अंगाशी धरून ठेवत होतो. दहा मिनिटांचा गृहपाठ चोख, बाकी तेवीस तास पन्नास मिनिटं सुट्टी. ती म्हणाली, “तुम्हाला आकडे नकोत. आकडे पूर्ण झाले की तुम्ही वही मिटता. फळ्यावर खडूची खूण करा, जिथपर्यंत बोटं पोचतील तिथे. दर सोमवारी नवी खूण. आणि हात झुलवताना तो आपण हलवायचा नाही. शाळेच्या घंटेतला लोलक स्वतः हलतो का? घंटा हलली की तो हलतो. तसं अंग हलू द्या.” तीस वर्षं घंटा ऐकणाऱ्या माणसाला याहून नेमकी उपमा कुणी दिली असती?

मग मायची पाळी आली. मी माझा पुठ्ठा बरोबर नेला होता, तो पुढे केला. तिने तो वाचायचा प्रयत्न न करता भिंतीला उलटा टेकवून ठेवला. मायचा रक्तदाब आधी निजलेल्या स्थितीत घेतला, मग धरून उभं करून पुन्हा घेतला. उभं राहिल्यावर तो बराच उतरत होता. तिने मायला विचारलं, “अम्मा, रोज पाणी किती पिता?” माय माझ्याकडे पाहून गप्प बसली.

“सार्, तुम्ही जरा बाहेर बसा.”

आजवर मी किती मुलांना वर्गाबाहेर उभं केलं असेल याचा हिशेब नाही. त्या दिवशी मी उभा राहिलो. दाराआडून मायचा आवाज ऐकू येत होता, आणि ती तेलुगू बोलत होती. बाजारापुरतं तेलुगू तिला येतं हे ठाऊक होतं. पण ती हळूहळू, थांबत थांबत, मनातलं बोलत होती, आणि ते मनातलं मराठीत कधी माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

वीस मिनिटांनी त्या मुलीने मला आत न बोलावता बाहेर येऊन सांगितलं. माय पाणीच पीत नव्हती. सकाळी अर्धा पेला, रात्री गोळीपुरतं. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं. त्यासाठी सून लागते, आणि सून शाळेत शिकवायला गेली की मुलगा. मुलाने भांडं धरायचं, यापेक्षा तहान बरी. शरीरातलं पाणी कमी, त्यावर रक्तदाबाची गोळी, म्हणून उठताच अंधारी. आणि मी दहा मोजत असताना आकडा चुकू नये म्हणून माय श्वास रोखून धरत होती. म्हाताऱ्या माणसाने ताण देताना श्वास कोंडला तर रक्तदाब खालीवर होतो. हे कुठल्याच चित्रात नव्हतं. त्या चित्रातल्या तरुणाला भांडं लागत नव्हतं.

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? बारा दिवस मी तिला ‘पाय हलव’ म्हणत होतो. तुला कुठे जायचंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिला मोरीपर्यंत जायचं होतं, एकटीने. बस्स.

डॉक्टरांकडून गोळीची मात्रा तपासून घेतली. आणि मायला नवा अभ्यासक्रम मिळाला. त्यात पलंग ते मोरी एवढी एकच वाट होती. मायची चौदा पावलं. वॉकरची उंची आधी नीट केली. हात सैल सोडून उभं राहिलं की मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. आम्ही तो वीतभर उंच ठेवला होता. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग धडका पाय. आमच्या मोरीला एक पायरी आहे. तिथे चढताना धडका पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. हे मी तीनदा समजावलं, मायच्या लक्षात राहीना. शेवटी तिनेच लावलं : “चढावाले दमाचा बैल लागते. उताराले कोणताबी चालते.” मग कधी चुकली नाही.

गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून ती दाबण्याचा व्यायाम मात्र राहिला होता. ‘स्नायू आवळा’ हे तिला कळत नव्हतं. ती मुलगी म्हणाली, “अम्मा, बोऱ्यात कापूस भरताना पायाने कसा दाबता? तसं.” मायचा चेहरा उजळला. साठ हंगाम तिने कापूस दाबला होता. मांडीचा स्नायू त्या क्षणी असा ताठ झाला की मला दिसला.

“आणि मोठ्याने मोजा,” ती मुलगी म्हणाली, “तोंडाने आकडे निघतात तोवर श्वास कोंडत नाही. तुमच्या भाषेत मोजा.”

मायने सुरुवात केली : “लाभ, दोन, तीन, चार...”

ती मुलगी थबकली आणि मग खळखळून हसली. “आमची नानम्मा पण असंच! लाभम्, रेंडु, मूडु...” धान्य मापताना पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. तीच रीत करीमनगरच्या तिच्या आजीचीही होती. माझ्या मुलांना ती ठाऊक नाही. ती इंग्रजीत मोजतात. मी स्वतः ‘एक’पासून मोजत आलो आणि मायलाही एकपासूनच मोजायला लावत होतो. तिच्या हिशेबात सुरुवात लाभापासून होत होती, आणि माझा दहाचा पाढा चालू झाला की तिला आपलं काही मोजलं जातंय असं वाटतच नसावं.

परतताना मला राहून राहून मारलवाई आठवत होती. 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ तिथे राहिले आणि निजाम सरकारच्या काळात त्यांनी गोंड मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. सुरुवातीची वाचनपुस्तकं गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत काढली. घरात गोंडी, बाजारात मराठी असा त्या मुलांचा दिवस होता, तेव्हा पुस्तकही तसंच हवं हे त्यांनी ओळखलं. सीमाभागातल्या शिक्षकांच्या बैठकांत हे उदाहरण मी अनेकदा दिलं आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. घरच्या पलंगासमोर पुठ्ठा टांगताना ते मला आठवलं नाही.

भाषा बदलली की सूचना पोचते, असं मी समजत होतो. इंग्रजी कागदाचं मी मराठी केलं होतंच की! शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात. पण तो कागद मायच्या दिवसात कुठेच बसत नव्हता. त्या मुलीचं मराठी मोडकं होतं. तरीही तिने आधी दिवस विचारला आणि मग त्या दिवसात व्यायामाला जागा शोधली. आमच्या व्यवसायात याला अध्यापनशास्त्र म्हणतात आणि त्यावर मी प्रश्नपत्रिकाही काढल्या आहेत.

सगळं झटपट सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात चौदा पावलांपैकी सहाच झाली. एकदा ती मोरीच्या दाराशी थांबून रडली. पण ती पाणी पिऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे मला जाग आली ती वॉकरच्या टकटक आवाजाने आणि अंधारातून येणाऱ्या पुटपुटण्याने : “लाभ, दोन, तीन...” उठून धरावं असं फार वाटलं. पण वॉकर तिच्या सवयीचा झाल्यावर, बोलावल्याशिवाय जायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. तो माझा व्यायाम होता, आणि खांद्याच्या व्यायामापेक्षा अवघड होता. चौदा झाले. दार लागलं. मी अंथरुणात उताणा पडून राहिलो.

माझ्या शाळेतही थोडं बदललं. फार नाही. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा दिवस विचारणं जमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गृहपाठ न आणणाऱ्याला बाहेर उभं करण्याआधी, तू घरी कुठे बसून लिहितोस, एवढं मी आता विचारतो. कधी कधी उत्तर असं येतं की मलाच बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटतं. फळ्याच्या कडेला खडूच्या खुणा आहेत. मुलांनी विचारलं तेव्हा सांगितलं, सरांची उंची वाढतेय.

दिवाळीला वेचणीचे दिवस होते. मायच्या हातात आता काठी आली होती. ती किंचित लंगडते, आणि लंगडत राहील, असं डॉक्टर म्हणाले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने पणती घेतली, सुनेला मागे राहायला सांगितलं आणि अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली. पणती ठेवून परत आली. मी न राहवून विचारलं, “किती पावलं झाली, माय?”

“कोणाले ठाऊक!” खाटेवर टेकत ती म्हणाली. “मोजायले काय पायल्या भरून राहिलो का बाबू? पाणी दे थोडं.”

मी उठलो. उजव्या हाताने फळीवरचा तांब्या काढला.